अडकलेलं यान

आज टीव्हीवर अंतराळातल्या मालिकेचा एक भाग संपला आणि पाच सेकंदांत पुढचा आपोआप सुरू झाला. मला काळाचौकीची आमची चाळ आठवली.

कापड गिरण्यांच्या संपाच्या दिवसांत चाळीत एकच टीव्ही होता, सावंतकाकूंकडे. खोलीत तापलेल्या टीव्हीचा आणि सुकटीचा वास असे. जागा कमी, म्हणून गिरणी कामगार असलेल्या बाबांनी तिथल्यासारख्या पाळ्या लावल्या होत्या. दर रविवारची अंतराळयानाची इंग्रजी मालिका एका आठवड्याला आमच्या मजल्याने पाहायची, पुढच्या आठवड्याला वरच्याने. प्रत्येक भागात गोष्ट पूर्ण व्हायची, त्यामुळे कुणाचं काही अडायचं नाही.

एकदा मात्र यान उल्कांमध्ये अडकलेलं असतानाच भाग संपला.

"फुडच्या रविवारी तुमी पण येवा," काकू म्हणाल्या.

"नको, पाळी वरच्यांची आसा," बाबा म्हणाले.

त्याच आठवड्यात ते गावी गेले, संप मिटेपर्यंत म्हणून. उरलेली गोष्ट मी वरच्या मजल्यावर विचारून पोस्टकार्डावर कळवली. मला वाटलं, त्यांना तिचीच काळजी असणार.

त्यांचं उत्तर दोन ओळींचं होतं. "यान सुटलं, बरं झालं. आता गिरणीचा भोंगा वाजला की लगेच कळव."