पाठ नसलेली सून

निजामाच्या अमदानीत अंबडच्या दवाखान्यात मी कंपाउंडर होतो. माणसाचं शरीर मी तिथल्या भिंतीवरच्या कागदी चित्रावरून शिकलो. चित्रं मुळात दोन होती, एक पुढच्या बाजूचं, एक मागच्या बाजूचं. मागचं मी येण्याआधीच वाळवीनं खाल्लेलं. त्यामुळं हंसली, सीना, पसली, नाफ, रान असा गळ्यापासून मांडीपर्यंतचा पुढचा मुलूख मला उर्दूत तोंडपाठ, आणि मागच्या बाजूला पाटी कोरी. कुणी पाठ दुखते म्हणालं, की मी छातीला लावायला मलम देई. काही जण बरेही होत.

एकदा तापाच्या गोळ्या वाटायला वडीगोद्रीला गेलो. भर दुपारी एका शेतकऱ्याच्या अंगणात गाडी जुंपून उभी होती. नव्या सुनेला मंठ्याला माहेरी घालवायचं चाललं होतं, पुन्हा न आणण्यासाठी. कारण विचारलं, तर सासऱ्यानं आवाज खाली आणून सांगितलं, तिला पाठ नाही.

हडळ पुढून भरलेली आणि मागून पोकळ असते, हे आमच्याकडं पोरासोरांनाही ठाऊक. ही सून नांदायला आल्यापासून कुणाला पाठमोरी दिसली नव्हती. पाणी ठेवलं की तशीच मागं मागं सरकत जायची, उंबरासुद्धा न बघता ओलांडायची. नवरा जालन्याच्या जिनिंगमध्ये कामाला, तो हळदीच्या अंगानंच परत गेलेला. आणि हळद लावतात ती पायाला, गुडघ्याला, खांद्याला, कपाळाला. पाठीला कोण लावतं?

सासू मला म्हणाली, "डाक्टर, तुमी शिकलेले. पाठ हाय का न्हाई, तेवढं सांगा. असली तर नांदंल. न्हाई तर बैलं जुंपलेलीच हाईत."

डाक्टर म्हटल्यावर मी फुगलो. सुनेला भिंतीकडं तोंड करायला सांगितलं. ती जागची हलली नाही.

"मोठ्यांकडं पाठ कशी करू?" ती हळूच म्हणाली. तिचा बाप एका जहागीरदाराच्या देवडीत, म्हणजे वाड्यावर, चाकर होता. तिथं मालकासमोरून पाठ न दाखवता निघायचा रिवाज, तोच त्यानं लेकीला लावला होता. सासूला हे पटलं नाही. हडळ बोलायला हुशारच असते, असं तिचं म्हणणं पडलं.

मग मीच सुनेच्या मागं गेलो. डोक्यावरून घेतलेला पदर सरळ खाली लोंबत होता. आत काही आहे असं वाटेना. श्वासानंसुद्धा तो हलत नव्हता. बैलांच्या घुंगरमाळा अचानक थांबल्या. सगळे तिच्या पुढं उभे, आणि मागं मी एकटा.

"काय हाय, बोला की," सासरा म्हणाला.

नुसतं 'पाठ' म्हणालो असतो तरी भागलं असतं. पण मला दवाखान्याचा शब्द हवा होता. सवयीनं मी म्हणालो, "हंसली... सीना..."

"ते पुढचं झालं," सासू म्हणाली. "मागं काय हाय?"

मला शब्द सुचेना. माझ्या गप्प बसण्याचा अर्थ सगळ्यांनी बराबर लावला. कुणीतरी लेकरं आत ओढली. सासऱ्यानं बैल हाकायची पराणी उचलली. तेवढ्यात तो पदर हलला की काय कोण जाणे, मी दचकून मागं सरलो आणि गव्हाणीत उताणा पडलो. डोकं कडब्यात, पाय वर.

सून मान वळवून बघते तर हे असं. तिला हसू फुटलं. मोठ्यांपुढं हसू लपवायचं म्हणून ती गर्रकन भिंतीकडं वळली आणि पदर खांद्यावरून घसरला. घामानं भिजलेली चोळी पाठीला चिकटली होती. खालून कण्याचे मणी उठून दिसत होते, आणि हसण्यानं सगळी पाठ हलत होती.

सासू पुढं झाली. तिनं त्या पाठीवर तळवा टेकला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"घाम हाय," ती म्हणाली. "हडळीला घाम येत न्हाई. सोडा बैलं."

अंबडला परतल्यावर मी ते चित्र खिळ्यावरून उतरवून उलटं केलं. मागं कोरा कागद असेल असं वाटलं होतं. पण भिंतीतून वाळवी चढली होती. पुढच्या चित्रातले पाय जिथं येतात, तिथून निघालेली मातीची एकच रेघ मधोमध मानेपर्यंत गेली होती, आणि वरच्या भागात तिला दोन्ही बाजूंनी बरगड्यांसारख्या बारीक फांद्या फुटल्या होत्या.

चित्र होतं तसं टांगून ठेवलं. पुढं त्या खोलीतून निघताना मी त्याच्याकडं पाठ करीत नसे. फक्त उंबरा न बघता ओलांडायची कला मला साधली नव्हती. रोगी विचारत, कंपाउंडरसाहेब, तुमच्या डोक्याला मागं टेंगूळ कशानं? मी त्यांना कपाळाला लावायचं मलम दाखवी.