सतरा नंबरचा उरलेला अर्धा तास

तिला घरात सगळे घाई म्हणत. नाव धाकट्या भावानं ठेवलेलं. दात घासता घासता बुटाची नाडी बांधणारी, व्याख्यानं दुप्पट वेगानं ऐकणारी ती बहीण. आई काही सांगायला बसली की ही म्हणायची, "आई, मुद्द्यावर ये." त्यावर आईचं ठरलेलं उत्तर होतं, "मुद्दा वाटेतच सांडत येतो गं, तू खाली बघत नाहीस."

अशा मुलीला पहिली नोकरी मिळाली ती ऐकण्याची. पाच मजली जुन्या इमारतीत सगळ्यात वर मानसिक आघातावर उपचार करणारं केंद्र होतं. अपघातातून, आगीतून, हाणामारीतून वाचलेली माणसं तिथं येत आणि समुपदेशक बाईंसमोर तासभर बसत. त्यांच्या संमतीनं ते बोलणं रेकॉर्ड होई. रेकॉर्डिंगवर नाव नसे, फक्त नंबर. एकेचाळीस माणसांच्या आवाजावरून कोण किती सावरलंय हे ओळखायला संगणकाला शिकवायचं, हे घाईचं काम. घराण्यातली पहिली पदवीधर, वय चोवीस आणि टेबल स्टोअररूममध्ये, फायलींच्या कपाटाला खेटून. पण ती अगदी हरखून गेली होती.

पहिल्याच महिन्यात तिनं एक हुशारी केली. तासाभराच्या रेकॉर्डिंगमध्ये बोलणं जेमतेम अर्धा तास असायचं, बाकी सगळं रिकामं. एक सेकंदापेक्षा लांब शांतता आली की कापायची, अशी चार ओळींची सोय तिनं प्रोग्रॅममध्ये घातली. दोन दिवसांचं काम एका दुपारवर आलं. केंद्राचे मोठे डॉक्टर खूश झाले. बाईंनी मात्र चष्मा कपाळावर चढवून विचारलं होतं, "बाकीचा अर्धा तास कुठं गेला?"

"त्यात काही नव्हतं हो बाई," घाई म्हणाली.

बाई चष्मा खाली घेऊन निघून गेल्या.

घाई कधी लिफ्टनं जायची नाही. लिफ्ट गोगलगाईसारखी, तिच्याआधी ही वर पोहोचलेली असायची. त्या जिन्यातच दर मंगळवारी मिस्त्री भेटत. पन्नाशीचे, ढेरपोटे, हातात किल्ल्यांचा जुडगा. तिसऱ्या मजल्यावरच्या वळणावर कठड्याला टेकून धापा टाकत असत. पहिल्याच भेटीत त्यांनी सांगून टाकलं की ते लिफ्ट दुरुस्त करतात, तीस वर्षं झाली. मग स्वतः जिन्यानं का, असं हिनं विचारलं, तर म्हणाले की हलवाई स्वतःची मिठाई खातो का कधी. घाई खळखळून हसली होती. इतका आनंदी माणूस या इमारतीत दुसरा नाही, असं तिचं मत झालं. वर ते कुठं जातात हे तिनं विचारलं नाही. चौथ्या मजल्यावर विम्याचं कार्यालय होतं, तिथंच असेल.

एकदा त्यांनी तिच्या कामाचं विचारलं. तिनं एका दमात सांगितलं की माणूस आतून बरा झालाय की नाही, हे मशीन आवाजावरून सांगणार. मिस्त्रींनी मान डोलावली. मशीनवर आपला भरवसा आहे, म्हणाले. माणूस खोटं बोलतो, मशीनला तेवढी अक्कल नसते.

तिसऱ्या महिन्यात प्रोग्रॅमनं पहिली यादी काढली. सात जण पुरेसे सावरलेत, यांचे उपचार थांबवता येतील. सगळ्यात वर सतरा नंबर. बोलणं सलग, आवाज स्थिर, कुठंही अडखळणं नाही. बाईंनी सतरा नंबरला हरकत घेतली. पण उपचारांसाठी बाहेर साठ माणसं महिनोन्महिने वाट बघत होती आणि मोठ्या डॉक्टरांना आकडे समोर दिसत होते. पत्रं गेली. घाईनं घरी पेढ्याचा पुडा नेला. भाऊ म्हणाला, "आता काय, माणसंसुद्धा दुप्पट वेगानं बरी करायला लागली ही."

पुढच्या मंगळवारी ती आली तर तळमजल्यावर माणसं खोळंबून लिफ्टच्या नावानं बोटं मोडत होती. लिफ्ट तिसऱ्यावर अडकली होती. घाई नेहमीसारखी जिन्यानं निघाली.

तिसऱ्या मजल्यावर लिफ्टचं दार मिटायला जात होतं आणि परत उघडत होतं. मिटायला जायचं, उघडायचं. मध्ये एक बूट आडवा होता. आत मिस्त्री जमिनीवर बसले होते, पाठ कोपऱ्यात रुतवून. चेहरा घामानं निथळत होता. ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. किल्ल्यांचा जुडगा मुठीत इतका आवळलेला, की बोटं पांढरी पडली होती.

तिला वाटलं हृदयविकाराचा झटका आहे. तिनं हाका मारल्या. त्यांचं लक्ष नव्हतं. वरून बाई धावत आल्या, लिफ्टच्या बाहेरच खाली बसल्या आणि हळू आवाजात त्यांना दार, भिंत, बूट अशा समोरच्या वस्तू एकेक करून सांगत राहिल्या. बऱ्याच वेळानं मिस्त्रींनी खिशातून एक घडी केलेला कागद काढला आणि घाईकडे बघून म्हणाले,

"तुमच्या मशीनचं पत्र आलं. बरा झालो म्हणे. म्हटलं, बाईंना सांगून यावं. लिफ्टनं."

पत्राच्या डोक्यावर लिहिलं होतं: सतरा.

बाई मिस्त्रींना हाताला धरून वर घेऊन गेल्या. दार मिटलं, लिफ्ट खाली गेली, कुणीतरी "एकदाची आली बाबा" म्हणालं, तरी घाई तिथंच उभी होती.

मग स्टोअररूममध्ये जाऊन तिनं सतरा नंबरचं मूळ, न कापलेलं रेकॉर्डिंग लावलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच. आणि पहिल्यांदाच साध्या वेगानं.

सुरुवातीला धाप. ही धाप तिच्या ओळखीची होती, दर मंगळवारी कठड्यापाशी ऐकलेली. मग बाईंचा प्रश्न, की कामावरचा जोडीदार लिफ्टच्या खड्ड्यात उतरला आणि लिफ्ट त्याच्यावर आली, त्या दिवशी वरचा स्विच कुणी बंद करायचा होता. त्यानंतर काहीच नाही. घाईचा हात सवयीनं पुढे ढकलायच्या बटणावर गेला. तिनं तो मांडीखाली दाबून धरला. एक मिनिट. चार मिनिटं. किल्ल्या वाजत होत्या. श्वास आत जात होता आणि बाहेर यायला विसरत होता. अकराव्या मिनिटाला मिस्त्री म्हणाले, "मी." मग पुन्हा सहा मिनिटं. मग एकदम गुळगुळीत, जिन्यातल्या त्याच आवाजात, "आता बरं आहे. झोप लागते. जेवण जातं."

या भागातलं प्रोग्रॅमला एवढंच ऐकू गेलं होतं. "मी. आता बरं आहे. झोप लागते. जेवण जातं." सलग, स्थिर, न अडखळता. बाकीचं तिनंच कापून दिलं होतं.

ती तशीच मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेली आणि चूक कुठं झाली ते उभ्याउभ्याच सांगितलं. डॉक्टरांनी यादी दोनदा वाचली, तिसऱ्यांदा वाचायला घेतली आणि खाली ठेवली. शुक्रवारी याच प्रोग्रॅमवरचा तिचा शोधनिबंध पाठवायचा होता, त्याचं नाव दोघांनीही काढलं नाही. संध्याकाळपर्यंत उरलेल्या सहा जणांना फोन गेले. त्यातल्या एकीनं उचलला नाही. बाई दर दहा मिनिटांनी लावत राहिल्या. साडेपाचला ती बोलली, तेव्हा बाईंनी रिसीव्हर ठेवून दोन्ही तळवे डोळ्यांवर दाबले.

मिस्त्री अजून बाईंच्या खोलीत होते. पुढं पाण्याचा पेला, भरलेलाच. घाई आत जाऊन समोर बसली. बाईंनी तिला आधीच बजावलं होतं, की हा माणूस पुन्हा येईल असं धरून चालू नको. मशीननं बरा झालो असं ठरवलं आणि तरी आपण कोसळलो, म्हणजे बिघाड आपल्यातच आहे, दुरुस्त होण्यातला नाही, असं त्यानं मनाशी पक्कं केलंय.

"मिस्त्री," ती म्हणाली, "मशीननं तुमचं अर्धंच ऐकलं. गप्प बसलेला वेळ मी काढून टाकला होता. मला वाटलं, त्यात काही नाही."

बाहेर लिफ्टचं दार दोनदा वाजलं. घाईच्या जिभेवर माफी, खुलासा, नवा प्रोग्रॅम कसा करणार ते, सगळं तयार होतं. तिनं ते गिळलं आणि बसून राहिली. मिस्त्री किल्ल्या एकेक करून कडीवर सरकवत होते. बारा किल्ल्या होत्या. परत उलट्या सरकवल्या.

तिनं टेबलावरचं पत्र उचललं, फाडायला.

"ते फाडू नका," मिस्त्री म्हणाले. "मशीनचा गेलेला भाग फेकायचा नसतो. आमच्यात तो गिऱ्हाइकाला दाखवतात, काय बिघडलं ते."

"मला दाखवायचंय," घाई म्हणाली. "सगळ्यांना. पुढच्या मंगळवारी याल?"

ते उठले, पेल्यातलं पाणी उभ्यानंच संपवलं आणि दारापर्यंत गेले. तिथं थांबले. मुठीतल्या किल्ल्या वाजत राहिल्या.

"येईन," म्हणाले. "जिन्यानं."