टोपवालीचं आमंत्रण

तिला सगळे टोपवाली म्हणत. केसांचे टोप, म्हणजे विग, करणं हा तिचा धंदा. बाजारातल्या एका अरुंद जिन्यावरच्या खोलीत बसून ती बारीक आकडीने एकेक केस जाळीत ओवायची. दारावर पाटी नव्हती, ती मुद्दामच लावली नव्हती. गिऱ्हाईक आत आलं की ती आधी पडदा ओढायची आणि मगच बोलायची. या धंद्यात हात चालता आणि तोंड बंद हवं, असं तिचं म्हणणं.

फोनमध्ये मात्र तिने नंबर आपल्याला ओळखू येतील असेच साठवले होते. एकाच नावाची माणसं ढीगभर असतात, पण डोकं प्रत्येकाचं निराळं. म्हणून 'बँकवाले पूर्ण टक्कल', 'गायक पुढून साफ', 'शिक्षिका आजारात केस गेले'. आपल्याशिवाय हे वाचणार कोण?

वाचलं ते एका खेळाने. नवऱ्याची थोरली बहीण निवृत्त झाल्यापासून त्यांच्याकडेच राहायची. तिचा फोन बादलीत पडून कामातून गेल्यापासून ती टोपवालीच्याच फोनवर बागेचा खेळ खेळायची. बी पेरायचं, पाणी घालायचं, शेजारी बोलवायचे. टोपवालीला ते बरंच वाटायचं. तेवढा वेळ तरी नणंदबाई स्वयंपाकघरात लुडबुड करत नसत.

एके सकाळी बँकवाल्यांचा फोन आला. रागाने आवाज चिरकला होता.

"बाई, हा काय चावटपणा? ऐका. 'प्रिय बँकवाले पूर्ण टक्कल, टोपवाली बागेत तुमची वाट बघते आहे. लवकर या आणि फुकट खत मिळवा.' फोन माझ्या टेबलावर पडलेला. शेजारच्याने अख्ख्या ऑफिसला वाचून दाखवलं!"

"बाग? कुठली बाग?" असं ती विचारते तोवर त्यांनी फोन आपटलाही होता.

ती तरातरा बाहेरच्या खोलीत गेली. "ताई, काय दाबलंत तुम्ही या फोनवर?"

"मी कशाला काय दाबू? तो विचारत होता, मी हो म्हणत होते."

"काय विचारत होता?"

"फोनमधले नंबर बघू का, निरोप पाठवू का. नाही म्हटलं की मेला पुढे जाऊच देत नाही. आणि ओळखीची माणसं बोलावली की झारी मिळते. मी सगळ्यांनाच बोलावलं. आपल्याच माणसांत दुजाभाव कशाला?"

टोपवालीने कपाळावर हात मारला. नवरा दाढी करता करता आतून म्हणाला, "एवढं काय डोक्यावर घेतेस? तुझ्या फोनमध्ये काय सरकारी गुपितं आहेत?"

"लोकांची डोकी आहेत!" ती ओरडली.

तिने खेळ काढून टाकला आणि कंपनीकडे तक्रार केली. उत्तर लगेच आलं. 'तुमची माहिती आमच्याकडे सुरक्षित आहे. गैरसोयीबद्दल ही एक झारी भेट.' ते वाचून तिच्या अंगाचा तिळपापड झाला. घर फोडणाऱ्यानेच कळवावं, तुमचे दागिने आमच्या कपाटात नीट आहेत, काळजी नसावी!

मग काम बाजूला ठेवून ती एकेकाला फोन करत सुटली. आपण होऊन सांगितलेलं बरं. कोणी हसण्यावारी नेलं, कोणी शिव्या घातल्या. गायकाने ऐकून घेतलं आणि तिचा नंबरच बंद करून टाकला. शिक्षिका काही फोन उचलेना.

दुपारी ती स्वतःच जिना चढून आली. मोठ्या आजारपणात केस गेलेली, लग्नानंतरही हे घरात कुणाला कळू न देणारी बाई. टोपवालीने पडदा ओढला.

"निरोप नवऱ्याने वाचला," शिक्षिका म्हणाली.

"अरे देवा. काय म्हणाले?"

"हसला. म्हणाला, मला लग्नाआधीपासून ठाऊक आहे."

टोपवालीचा जीव भांड्यात पडला. "मग चांगलंच झालं की!"

"काय चांगलं झालं?" शिक्षिका एकदम तडकली. "मी सांगणार होते त्याला. माझ्या तोंडाने, मला वाटेल तेव्हा. कितीदा मनात वाक्यं जुळवली होती मी. ते माझं होतं, बाई. आणि विषय निघाला कशावरून, तर फुकट खताच्या निरोपावरून!"

"चुकलं माझं," एवढंच टोपवाली म्हणाली. नणंदेचं, खेळाचं, कंपनीचं नाव तिच्या ओठांवर आलं होतं, ते तिने गिळलं. डोक्यांच्या खुणा लिहून ठेवणारा हात तर तिचाच होता.

तिने धंद्यासाठी साधा बटणांचा फोन घेतला. त्यात नुसते आकडे, नाव एकही नाही. आता फोन वाजला की आवाजावरून माणूस ओळखेपर्यंत तिची तारांबळ उडते आणि गिऱ्हाईक वैतागतं ते वेगळंच. नणंदबाईंनी नवा फोन घेऊन पहिल्यापासून बाग लावली. टोपवालीचं आपल्यावर उगाच खापर फोडणं त्या अजून विसरलेल्या नाहीत.

बँकवाले परत आले नाहीत. शिक्षिका येते. पूर्वी टोप बसवून घेताना ती शाळेतल्या गमती सांगायची, वर्गातल्या पोरांच्या नकला करायची. आता आरशात बघत गप्प बसते. टोपवाली जाळी नीट करते, केस विंचरते, आणि ती काहीतरी बोलेल म्हणून वाट बघते.