दंडावरचा ताईत आणि अहमदाबादचा सामना

माझ्या ब्लॉगवर नेहमी येणाऱ्या मैत्रिणींना माहीत आहे, देवस्थानं सोडून मी फारशी कुठे जात नाही. कमी पैशांत कुठे उतरायचं, प्रसादाचं जेवण कुठे चांगलं, एवढंच मी लिहिते. यावेळी मात्र फुटबॉल बघायला अहमदाबादला जाऊन आले. कारण आमची मानसी. भिवंडीत नारपोलीच्या दोन खोल्यांत वाढलेली माझी मुलगी सतरा वर्षांखालच्या मुलींच्या भारतीय संघात डाव्या बाजूला बचावाला खेळते. आशियाई स्पर्धेची पात्रता फेरी होती. गटात चार संघ, पुढे जाणार फक्त पहिला. आमच्या मुलींनी दोन सामने जिंकले होते. तिसऱ्यात नुसती बरोबरी केली तरी पुरे होतं.

मानसीचे पप्पा पूर्णा गावच्या गोदामात नोकरीला आहेत, त्यांना रजा मिळेना. म्हणून शेलार गावात राहणारी माझी नणंद, सुमन वन्सं, सोबत आल्या. सकाळी भिवंडी रोड स्टेशनहून मेमू लोकलने वसई, तिथून अहमदाबादची गाडी. वसईला पूल चढून पलीकडच्या फलाटावर जावं लागतं, तेव्हा सामान कमी ठेवा. स्लीपरचं तिकीट महिनाभर आधी काढलं होतं. डब्यात तांदळाच्या भाकऱ्या, सुकी चटणी आणि दशम्या होत्या, त्यामुळे गाडीत चहाशिवाय काही घेतलं नाही. वन्संना माझा हा हिशेबीपणा ठाऊक आहे. सुरत आलं तशा म्हणाल्या, "वहिनी, तुमची पोरगी देशासाठी खेळतेय नि तुम्ही मला भजी पण न्हाय खाऊ घालणार?" मग घेतली एक प्लेट. गरम होती.

स्टेशनजवळच्या धर्मशाळेत उतरलो. खोली स्वच्छ, पाणी दिवसभर, चादर मात्र आपली न्या. दुसऱ्या दिवशी सकाळी भद्रकालीचं दर्शन घेतलं. तिथून बाहेर पडलं की बाजारच लागतो, भाव निम्म्यावरून सुरू करायचा. दुपारी थाळी जेवलो. आमटी गोड लागली, पण वाढणारा माणूस "हजी एक लो, बहेन" म्हणत इतक्या प्रेमाने वाढत होता की वन्संनी चार पुरणपोळ्या खाल्ल्या.

संध्याकाळी संघाच्या हॉटेलात पालकांना दहा मिनिटं भेट होती. मी पदरात बांधून एक वस्तू नेली होती. वज्रेश्वरीच्या पायाशी ठेवून आणलेला चांदीचा ताईत, काळ्या दोऱ्यात ओवलेला.

मानसी लगेच म्हणाली, "आई, नाही चालत गं. अंगावर काहीच ठेवू देत नाहीत. रेफ्री चेक करतात."

"हात नि गळा बघतील. दंडाला कोण बघतंय? बाहीखाली राहील."

"कोच मॅडम ओरडतील."

"माझ्या गळ्याची शपथ आहे तुला. सामना संपेपर्यंत सोडायचा नाही."

तिने बाही वर केली. मी तीन गाठी मारल्या आणि सुटू नयेत म्हणून पाण्याचं बोट लावून घट्ट आवळल्या. आमच्याकडे असंच बांधतात.

दुसऱ्या दिवशी सामन्याला तिकीट नव्हतं. पाण्याची बाटली आणि डबा दारातच काढून घेतात, तेव्हा खाऊनच जा. दुपारचं ऊन समोरून येतं, टोपी हवीच. आम्ही पालकांच्या रांगेत बसलो. पाहुण्या मुलींच्या देशाचं नाव माझ्या तोंडात नीट बसत नाही, म्हणून लालवाल्या म्हणते. मध्यंतरापर्यंत कुणाचाच गोल नव्हता. शेजारी दिल्लीकडच्या एक बाई होत्या, त्यांची मुलगी गोलरक्षक. आम्ही तिघी नुसत्या घड्याळाकडे बघत होतो.

मध्यंतरानंतर चेंडू बाहेर गेला आणि आत फेकायला मानसी आली. फुटबॉलमध्ये तो दोन्ही हातांनी डोक्यावरून फेकावा लागतो, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. तिने हात वर केले, बाही खांद्याकडे सरकली, आणि चांदी उन्हात चमकली.

पंच बाईंनी शिट्टी मारून तिला बाहेर काढलं. ताईत काढ, मग आत ये. खेळ दहा जणींवर सुरू झाला. मानसी दाताने गाठ ओढत होती. माझ्याच गाठी त्या. संघाच्या डॉक्टर कात्री घेऊन धावत आल्या, तर पोरीने दोऱ्यावर तळवा ठेवला आणि मान वर करून आमच्या रांगेकडे बघितलं. मला शोधत होती.

शेजारच्या बाई म्हणाल्या, "ये किसने बाँधा? घर की औरतें भी ना, अक्ल बेच खाई है!"

वन्सं माझा दंड हलवत होत्या. "वहिनी, पोर तुमच्याकडं बघतेय. मान हलवा ना! काप म्हणा!"

मी हात जोडले आणि डोळे मिटून घेतले. बघणाऱ्याला वाटावं, प्रार्थना चाललीय. खरं तर त्या बाईंना कळू नये की ती घरची औरत मी आहे, एवढंच माझ्या मनात होतं.

ओरडा ऐकून डोळे उघडले. लालवाल्या मानसीच्या मोकळ्या बाजूने घुसल्या होत्या आणि चेंडू जाळ्यात होता. तेव्हा कुठे डॉक्टरांनी तिचा हात बाजूला करून दोरा कापला. पुढे आमच्या मुली जिवाच्या आकांताने धावल्या, पण त्या गोलची बरोबरी झाली नाही. लालवाल्या पुढे गेल्या.

हॉटेलच्या दारात प्रशिक्षक मॅडम मानसीला विचारत होत्या, "किसने बाँधा?" मी लाडवांचा डबा घेऊन चार पावलांवर उभी.

"मैंने ही, मैम," ती म्हणाली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

आणि मी तिला तसं म्हणू दिलं.

परतीच्या गाडीत वन्सं खिडकीकडे तोंड करून बसल्या. वापीला एकदाच बोलल्या, "मला वाटलं, तुम्ही बोलाल." मी दशमी पुढे केली, त्यांनी घेतली नाही.

मानसी चार दिवसांनी घरी आली. तोवर आळीत बातमी पोचली होती. नळावर बायका म्हणत, "पोरीनं अंगावर काहीतरी घातलं म्हणून भारत हरला म्हणे." मी हंडा भरून परत यायचे.

तिने बॅगेतून ताईत काढून माझ्या हातावर ठेवला. घरामागच्या पॉवरलूमचा खडखडाट चालू होता, म्हणून मला जवळ जाऊन विचारावं लागलं, "तू कापू का दिला नाहीस गं?"

"तुझी शपथ होती. तुला काही झालं असतं तर?" मग म्हणाली, "म्हणून तर तुझ्याकडे बघितलं. तू हो म्हणशील वाटलं."

त्याच संध्याकाळी मी मॅडमना फोन लावला. मोडक्या हिंदीत सगळं सांगितलं, डोळे मिटल्याचंही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "ये उसी दिन बोलना था, माताजी." पुढच्या शिबिरात मानसीला घेतील की नाही, अजून कळलेलं नाही. ती सकाळी उठून पळायला जाते.

हा ब्लॉग आळीतल्या बायकाही वाचतात, म्हणून इथेही लिहिलं. अहमदाबादला जरूर जा, शहर चांगलं आहे. मुलांचा खेळ बघायला जाल तर रिकाम्या हाताने जा.

ताईत देव्हाऱ्यात आहे, कापलेल्या दोऱ्यासकट. रोज दिवा लावून हात जोडते. डोळे मात्र आता उघडे ठेवते.