मुका फ्लेमेंको

खालच्या मजल्यावरच्या काकूंची दुपारची झोप मोडू नये, म्हणून मी मोबाइलचा आवाज बंद ठेवून फ्लेमेंको शिकलो. टाचा मात्र फरशीवर दणादण आपटत होतो.

आमच्या गावात हा स्पॅनिश नाच शिकवणारं कुणी नाही, म्हणून मोबाइलवर नाच शिकवणाऱ्या एका बाईलाच गुरू केलं. काल स्वतःचा व्हिडिओ काढून पाहिला आणि शिसारी आली. पडद्यावरची बाई मान वळवते तेव्हा जगाला तुच्छ लेखते. मी वळवली तर ती नुसती आखडलेली दिसत होती. पोट तर प्रत्येक ठेक्याला उशिरा पोहोचत होतं. शी! गुरू लागतो तो दाखवायला नव्हे, नाक मुरडायला. ही बाई महिनोन्‌महिने माझ्यासमोर नाचली, पण एकदाही "थांब, मेल्या" म्हणाली नाही. शेवटी तेही काम मलाच करावं लागलं.

तरी एक आशा होती. दिसायला किळसवाणं असलं तरी ठेका जमला असेल. तो रोज ऐकलेला काकूंनीच. खाली जाऊन विचारलं, "काकू, माझा नाच कसा वाटतो हो?"

"नाच होय तो!" काकू म्हणाल्या. "मला वाटलं, रोज झुरळं मारताय. औषध फवारून घ्या की एकदाचं."