स्लॅबखालची झोप

बाबा गेल्यावर वर्षभर लातूरचं घर कुलूप लावून तसंच राहिलं. आई माझ्याकडं नांदेडला आली होती. मी भोकरजवळच्या एका शाळेत शिकवते, नांदेडहून रोज जाऊन-येऊन करते. अधूनमधून लातूरला जायचं, जाळी-धूळ काढायची, नळपट्टी भरायची आणि परत यायचं, हे दोघींनाही झेपेना. मग एक दिवस आईच म्हणाली, "इकून टाकू. बंद घराला वाळवी लागती."

गिऱ्हाईक लवकर मिळालं. एका शिकवणीत गणित शिकवणारा तरुण, मूळचा चाकूरकडचा. सोबत बायको आणि तिच्या कडेवर नुकती बसायला लागलेली मुलगी. बोअरला उन्हाळ्यात पाणी राहतं का, हे त्यानं पुन्हा पुन्हा विचारलं. लातुरात घर घेणारा माणूस आधी पाण्याचंच विचारतो. घर दोघांना पसंत पडलं. फक्त ते बँकेचं कर्ज काढणार होते, आणि बँकेचा इंजिनिअर घर तपासून चांगला रिपोर्ट देईपर्यंत कर्ज मंजूर होणार नव्हतं. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मायलेकींनी लातूरला मुक्काम टाकला.

घर बंद राहिलं की किती लवकर म्हातारं होतं, ते तेव्हा कळलं. न्हाणीघराच्या भिंतीला ओल येऊन पोपडे सुटले होते. गच्चीवर पाणी जायच्या भोकात पिंपळ उगवला होता. एका खोलीत बटण दाबलं की दुसऱ्या खोलीतला पंखा गरगरायचा. मी मिस्त्री आणला, वायरमन आणला. आई सकाळपासून डोक्याला फडकं बांधून हौद घासायची, आणि मिस्त्री प्लास्टर करायला लागला की त्याच्या मागं जाऊन उभी राहायची. "दादा, वरून लिपू नको. पोकळ हाय ते सगळं पाड आधी," म्हणायची. तो हसायचा आणि पाडायचा.

संध्याकाळी मात्र ती अंथरूण घेऊन तिच्या खोलीत जायची.

तिच्या खोलीबद्दल सांगायला हवं. आमचं घर स्लॅबचं, तीन खोल्यांचं. त्याच्या उजव्या अंगाला, घर आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये बाबांनी पत्रे टाकून एक खोली केली होती. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी दुसरीत होते. आमच्या घराला काही झालं नाही, मांडणीवरची भांडी तेवढी पडली. पण आईची धाकटी बहीण किल्लारीच्या पुढं एका खेड्यात दिलेली होती. दगडमातीचं घर, वर मातीचं माळवद. त्या घरातलं कुणी वाचलं नाही. आई आणि बाबा तिकडं जाऊन आले. तिथं काय पाहिलं ते दोघांनीही मला कधी सांगितलं नाही.

त्यानंतर सगळी गल्ली कितीतरी दिवस अंगणात झोपत होती. हळूहळू लोक आत गेले. आई गेली नाही. दिवसा ती घरात सगळं करायची, स्वयंपाक, धुणं, पाहुणेरावळे. पण आडवं व्हायचं म्हटलं की तिला स्लॅब दिसायचा. बाबा पाणीपुरवठा खात्यात होते. त्यांनी ओळखीच्या माणसाकडून पत्रे आणले, चार लोखंडी अँगल रोवले आणि खोली उभी केली. मी मोठी होऊन आत पंख्याखाली झोपायला लागले. बाबा शेवटपर्यंत तिच्यासोबत पत्र्यातच झोपले. मे महिन्यात दोघं पत्र्यावर ओली पोती टाकायचे. "आत या की," असं मी म्हणायचे. बाबा म्हणायचे, "इथं वारं चांगलं लागतं." लातूरच्या मे महिन्यात, पत्र्याखाली!

नांदेडला मी भाड्यानं घर घेतलं तेही मागं पत्र्याची पडवी बघूनच.

इंजिनिअर आला तो दिवस अजून डोळ्यांसमोर आहे. तिशीतला, शांत माणूस. गिऱ्हाईक नवरा-बायकोही आले होते. त्यानं टेप लावून खोल्या मोजल्या, भिंती ठोकून बघितल्या, गच्चीवर जाऊन आला, बटणं दाबून बघितली. पंखे आता आपापल्या खोलीत फिरत होते. मग तो बाजूला गेला आणि पत्र्याच्या खोलीसमोर थांबला.

"मॅडम, घर चांगलं आहे," तो म्हणाला. "पण ही खोली मंजूर नकाशात नाही. बाजूची जागा मोकळी पाहिजे. ही काढा, मी पुन्हा येऊन बघतो आणि रिपोर्ट देतो."

मला या गोष्टीची आधी कल्पनाच आली नव्हती. मी आईकडं बघितलं. ती खोलीकडं बघत नव्हती. वर, घराच्या स्लॅबकडं बघत होती.

"काढू हो खोली," ती म्हणाली. "पण साहेब, मला एक सांगा. हे वरचं पडणार तर न्हाई ना?"

"कशानं पडेल मावशी?"

"जमीन हलल्यावर."

गणिताच्या मास्तरानं बायकोकडं बघितलं. मी आईच्या हाताला धरलं. "आई, चल, चहा टाकू."

"चहा मग. त्यांना सांगू दे."

मला वाटलं होतं, तो काहीतरी बोलून वेळ मारून नेईल. पण तो आईला घेऊन आत आला. कोपऱ्यातल्या खांबावर हात ठेवला, तिलाही ठेवायला लावला. "हा खांब आहे. असे खांब सगळ्या कोपऱ्यांत आहेत आणि वरून बीमनं एकमेकांना बांधलेत. किल्लारीकडच्या घरांत भिंतीला भिंत धरून नव्हती, आणि वर मातीचं एवढं ओझं. हे घर तसं नाही. इतक्या वर्षांत एका खांबाला भेग नाही. पण मावशी, कधीच पडणार नाही असा शब्द मी देणार नाही. तसा कुणी देऊ पण नये."

आईनं खांबावर तळवा फिरवून बघितला. "आमचे हे बी असंच सांगायचे," ती म्हणाली. "मला वाटायचं, माझं मन राखायला बोलतेत."

मग ती त्या मुलीकडं, म्हणजे गिऱ्हाइकाच्या बायकोकडं वळली. "बाई, तुला खरं सांगते. हे घर माझं हाय, पण भूकंप झाल्यापासून मी ह्याच्यात झोपले न्हाई. तिकडं पत्र्यात झोपायचे. तुम्ही लेकरू घेऊन इथं झोपणार. तुम्हाला ठाऊक पाहिजे."

झालं, व्यवहार मोडला, असं मी मनात म्हटलं. महिनाभराची खटपट पाण्यात गेली. आईचा रागही आला आणि तिला काही बोलावंसंही वाटेना.

त्या मुलीनं लेकीला दुसऱ्या कडेवर घेतलं. "आई, माझं माहेर किल्लारीचंच हाय," ती म्हणाली. "मी नंतरची. नव्या गावात जन्मले. आमची आजी अजून सरकारी घरात झोपत न्हाई. काकांनी अंगणात शेड करून दिलंय तिला."

"पावसाळ्यात बी?"

"पावसाळ्यात बी. आम्ही लई भांडलो तिच्याशी. आता न्हाई भांडत."

आईनं तिला हाताला धरून ओट्यावर बसवलं. मग दोघी किती वेळ बोलत होत्या कोण जाणे. आईच्या त्या धाकट्या बहिणीचं गाव तिला माहीत होतं, त्याच रस्त्यावर होतं. चहा मीच केला. इंजिनिअर आणि मास्तर गच्चीवरच्या टाकीबद्दल बोलत उभे राहिले.

दोन दिवसांनी पत्रे काढायला माणसं आली. आईनं आतून तिची खाट, मच्छरदाणी आणि कोनाड्यातली बुद्धाची छोटी मूर्ती स्वतः बाहेर आणली. मला वाटलं, ती आता ओट्यावर बसून बघत राहील. पण दुपारी मी आत आले तर ती मधल्या खोलीत सतरंजी अंथरत होती.

"काय करायलीस?"

"पडून बघते. त्या लेकराला झोपवणार इथं. आपण एकदा बघाय नको का?"

बाहेर पत्रे खाली पडत होते, दणादण. ती आडवी झाली, डोळे उघडे, एक हात जमिनीवर पसरलेला. एक पत्रा जोरात आदळला तशी ती उठून दारापर्यंत गेली. परत आली. "तू बी पड," म्हणाली. मी तिच्याशेजारी पडले. लहानपणानंतर आम्ही दोघी त्या छताखाली पहिल्यांदाच शेजारी पडलो होतो. वर नव्या रंगाचा वास, पंख्याचा आवाज. ती मला शाळेतलं काहीबाही विचारत राहिली. मी उत्तर देत होते, आणि एका उत्तराला तिचा हुंकार आला नाही. बघितलं तर तिला झोप लागली होती. तोंड थोडं उघडं. बाबा हे बघायला हवे होते, असं वाटून मला रडू आलं. मी हललेसुद्धा नाही.

ती जागी झाली तेव्हा बाहेर सगळं शांत होतं.

"लागली झोप?" मी विचारलं.

"लागली." पदर सावरत ती उठली. "पण मला आवडली न्हाई. तू आपलं नांदेडचं ते पत्र्याच्या पडवीचं घर सोडू नको."

मी हसले, तीही हसली.

इंजिनिअर पुन्हा आला, मोकळी बाजू बघून गेला. रिपोर्ट चांगला गेला, कर्ज झालं, संक्रांतीच्या आत खरेदीखतही झालं. मास्तरानं पत्रे चाकूरच्या शेतात नेले, गोठ्यावर टाकायला. किल्ल्या देताना आईनं त्याच्या बायकोला बोअरची मोटर किती वेळ चालवायची, हौदाची झाकणी कशी बसते, सगळं समजावून सांगितलं.

ती मुलगी आता आईला फोन करते. मला नाही, आईला. परवा तिनं सांगितलं की घराला बाहेरून पोपटी रंग दिला, आणि लेकरू भिंतीला धरून चालायला लागलं.

"पोपटी?" आई फोनवर ओरडली. "अगं, पोपटी कशाला दिला?"

मग पलीकडचं काहीतरी ऐकून ती बराच वेळ हसत राहिली.