फोटोला न चाललेला हार

बायको गेल्यावर घरी प्रार्थनासभा ठेवली. तिच्या फोटोला घालायला मी आंजीच्या बाजारातून झेंडूचा हार आणला. चर्चच्या कारभाऱ्यानं दारातच अडवलं. "बाबा, आपण ख्रिस्ती माणसं. फोटोले हार चालत नाई." बरं म्हटलं, अन हार त्याच्याकडे दिला. थोड्या वेळानं पास्टर आले, तर कारभाऱ्यानं तोच हार माझ्या हातात दिला. "घाला पास्टरसाहेबाले, मान करा त्याईचा."

पास्टरांचा मला राग नाही. दवाखान्यात बायकोच्या उशाशी बसून त्यांनी तिला चमच्यानं पेज पाजली होती. असा माणूस मानाचाच. पण भिंतीवर तिचा फोटो मोकळा, अन सगळे माझ्याकडे पाहून राह्यले. हात उचलेना. तोंडातून निघालंच, "फोटोले चालत नाई, मंग तुमाले कसा चालते?"

पास्टरांनी मान खाली घातली. "मले बी नाई चालत, बाबा," म्हणाले, अन मला हाताला धरून सतरंजीवर स्वतःच्या शेजारी बसवलं.

हार माझ्या हातातच राहिला. फोटोला घालता येत नव्हता, पास्टरांना घालवत नव्हता, टाकून देववत नव्हता. प्रार्थना सुरू झाली, अन मला हात जोडता येईनात.